फ्लेक्सवर न आलेला मधला कण

यवतमाळची गाडी नेरच्या बसस्टँडवर अजून पुरती थांबलीही नव्हती, तेवढ्यात बाबांनी नेम धरून तिसऱ्या खिडकीतून आत रुमाल टाकला. मी अकरा वर्षांची होते. "जाय, रुमालावर बस. कोणी उठ म्हणलं तरी उठू नको," असं म्हणत त्यांनी मला दारातल्या गर्दीत घुसवलं. मी बसले. आई खिडकीखाली पिशवी घेऊन उभी होती, ती मी आत ओढली. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि लिंबाचं लोणचं. "पोटाले उपाशी राहू नको," एवढंच ती म्हणाली, आणि तेच परत एकदा म्हणाली. गाडी सुटली. बाबांचा निळ्या चौकडीचा रुमाल माझ्या खालीच राहिला. तो मी आजवर परत केलेला नाही.

हे लिहायला बसले ते गावातल्या तुम्हा सगळ्यांसाठी. दर खेपेला तुम्ही मला विचारता, "तिकडं जर्मनीत करतेस तरी काय?" आणि दर खेपेला मी "मोजमाप करते" असं म्हणून चहाचा कप तोंडाला लावते. आणि तुमच्यासाठीही लिहितेय, जे माझ्यासारखेच कुठे कुठे जाऊन बसलात आणि व्हिडिओ कॉलवर आईला जेवणाचं ताट दाखवता. मागच्या हिवाळ्यात माझी एक चूक नेरच्या चौकात चक्क बारा फुटांची झाली. तिची गोष्ट सांगायची तर आधी आत्याची सांगावी लागेल.

यमुनाआत्या बाबांची थोरली बहीण. यवतमाळला मुलींच्या एका शाळेत ती प्रयोगशाळा परिचर होती, म्हणजे काचेच्या नळ्या धुणं, स्टँड मांडणं, रसायनांच्या बाटल्या जागेवर ठेवणं हे तिचं काम. लग्न केलं नव्हतं. कोणी काहून म्हणून विचारलं तर "वेळच नाही भेटला" म्हणायची आणि विषय तिथंच संपायचा. तिच्या दोन खोल्यांच्या घरात मी सहा वर्षं राहिले. आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच होती, आणि सहावी संपताच मी चांगल्या शाळेत जावं हा बाबांचा हट्ट होता. बाबांचा हट्ट, आईचं मन घट्ट करणं, याबद्दल आमच्या घरात खूप बोललं गेलंय. त्या सहा वर्षांत रोज सकाळी दोन घट्ट वेण्या कोण घालून द्यायचं, हे मात्र कोणी कधी काढलं नाही.

आत्याचं एक वाक्य होतं. मुलींनी नळीतल्या पाण्याची पातळी वाचून वहीत लिहायला घेतली की ती मागून म्हणायची, "एक डाव अजून पाह्य." घरीही तेच. कुलूप लावलं? एक डाव अजून पाह्य. वरणात मीठ पडलं? एक डाव अजून पाह्य. माझं गणित बरोबर आलेलं तिला दिसत असायचं, तरी तेच. मला याचा मनापासून संताप यायचा. एकदा मी रागाने म्हटलं, "बरोबर आहे ते!" तर म्हणाली, "मंग पाह्याले काय जाते? बरोबरच भेटन." 

दिवाळीला आम्ही दोघी नेरला यायचो. आई मला उंबऱ्यातच उभी करून न्याहाळायची आणि "वाळली पोरगी" म्हणायची. आत्या मागे बूट काढत असायची. मी वाळलेली नसायचेच. उलट एका वर्षी दोन इंच वाढले होते, आणि त्या दोन इंचांत आत्याच्या भाकरी होत्या. पण मला तेव्हा आईच्या कुशीत शिरायची घाई असायची. आज वाटतं, एकदा तरी वळून पाहायला हवं होतं.

पुढे अमरावती, मग पुणे, मग जर्मनी. प्रत्येक वेळी बाबा स्टँडवर रुमाल घेऊन हजर. नागपूरच्या विमानतळावर भली मोठी रांग पाहून त्यांची चुळबुळ सुरू झाली. हात आपोआप खिशाकडे गेला. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "इथं खिडकी उघडत नसन नाही का?" मी इतकी हसले की रडायचं राहून गेलं. ते मग विमानात उरकलं.

आता मी जिथे राहते ते गाव लहान आहे, नेरपेक्षा फार मोठं नाही. रविवारी दुकानं बंद. कोणाला भेटायचं तर 'टर्मिन' घ्यावा लागतो, म्हणजे आधी वेळ ठरवून. शेजारणीकडे मीठ मागायलासुद्धा. दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, उकडलेले बटाटे मिळतात. त्यांच्यावर टाकायला मी आईचं तिखट छोट्या डबीत नेते. नेरला अंगणातून कोण गेलं ते न बघता चपलांच्या आवाजावरून कळायचं. इथे वरच्या मजल्यावरच्या माणसाचा चेहरा मला पाच वर्षं झाली तरी नीट आठवत नाही. तक्रार नाही. इथे मला कोणी "लग्नाचं काय?" विचारत नाही, ही सोय काही लहान नव्हे.

तर, मी करते काय.

एक जड कण असतो. तो टिकत नाही, फुटतो आणि त्यातून हलके कण बाहेर पडतात. याला आम्ही क्षय म्हणतो. असे लाखो कण फुटतात, त्यांतले किती एका ठरावीक वाटेने फुटतात ते मोजायचं. तो क्षयदर. ऐकायला सोपं आहे. पण जड कण आणि शेवटी यंत्रात दिसणारे हलके कण यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक मधला कण असतो. तो जन्मतो आणि यंत्रापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी स्वतःच फुटतो. आम्ही त्याला रेझोनन्स म्हणतो. त्याला कोणी पाहत नाही. त्याच्यातून निघालेल्या दोन कणांची ऊर्जा आणि दिशा जुळवून, मागे जाऊन, त्याचं वस्तुमान काढावं लागतं. अशी हजारो उत्तरं कागदावर मांडली की त्या वस्तुमानाच्या जागी एक टेकडी उभी राहते. टेकडी दिसली म्हणजे मधला कण तिथे होता.

आता यात दोन तऱ्हा. जो मधला कण त्यातल्या त्यात जास्त जगतो, त्याचं वस्तुमान ठाम असतं आणि टेकडी अरुंद, टोकदार येते. जो जन्मला न जन्मला तोच फुटतो, त्याचं वस्तुमान प्रत्येक वेळी थोडं वेगळं भरतं. त्याची टेकडी पसरट असते. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही.

माझी वाट अरुंद टेकडीची होती. मी टेकडीच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा मारल्या आणि आतले सगळे मोजले. रेघांबाहेरच्या भागावरून सरळ उतार धरला, तेवढे वजा केले आणि उरलेले सगळे त्या टोकदार कणाच्या नावावर लिहिले. उत्तर आलं ते सिद्धांताने सांगितलेल्या क्षयदरापेक्षा बरंच मोठं. आमच्या क्षेत्रात असं उत्तर आलं की माणसाची झोप उडते, कारण त्याचा अर्थ असा होऊ शकतो की निसर्गात असं काहीतरी आहे जे अजून कोणाला ठाऊक नाही. किंवा असा, की मोजणारीने माती खाल्ली.

गटाने तपासल्याशिवाय असं उत्तर बाहेर बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. मी तो तीन दिवस पाळला. चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला आणि मला राहवलं नाही. "बाबा, काहीतरी नवीन असावं असं दिसून राह्यलं. पण कोणाले सांगू नका." बाबा म्हणाले, "छे, कायले सांगन?"

आठवड्याने व्हॉट्सॲपवर फोटो आला. नेर बसस्टँडसमोर बारा फुटी फ्लेक्स. 'नेर तालुक्याच्या कन्येने जर्मनीत नवीन कणाचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध बारावीच्या अर्जावरचा माझा फोटो, घोड्याएवढा. मागे अणूचं चित्र, आणि का कोण जाणे, एक रॉकेट. एका बाजूला आईबाबांचे फोटो. खाली शुभेच्छुकांची, नावं आणि फोटोंची ओळ, तेवीस जण, त्यांतले चार माझ्या ओळखीचे. मी फोन करून ओरडले. बाबा शांतपणे म्हणाले, "मी कोणाले नाही सांगतलं. फ्लेक्सवाल्याले फक्त मजकूर देला."

त्याच महिन्यात गटाच्या बैठकीत हान्नाने, म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी, माझा आलेख पाहून विचारलं की याच्याखाली पसरट कण आहे, तो कुठे गेला? मी म्हटलं, वजा केलाय. ती मान डोलावून पुढच्याकडे वळली. मी खोलीवर आले, भात लावला, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत आत्याचा आवाज कानात आला. एक डाव अजून पाह्य.

पाहिलं. टेकडीच्या डाव्या उतारावर मला अपेक्षेपेक्षा जास्त सापडले आणि उजव्या उतारावर कमी. खाली नुसता सरळ उतार असता तर असं झालं नसतं. माझ्या टोकदार टेकडीखालून ती पसरट टेकडी आरपार गेलेली होती, आणि तिच्यातून निघणारे दोन कण अगदी तेच, जे माझ्या कणातून निघतात. कोण कोणाचं, हे एकेकाकडे पाहून सांगता येत नाही. त्याहून अडचणीचं म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचत असल्या की त्यांची नुसती बेरीज होत नाही. त्या एका जागी एकमेकींना वाढवतात आणि दुसऱ्या जागी एकमेकींना खातात. आमचं यंत्र सगळ्या दिशांना सारख्या नजरेने पाहत नाही, त्यामुळे हे वाढणं आणि खाणं आपोआप फिटतही नाही. मी पसरट कणाला सपाट जमीन समजून बसले होते, आणि त्याचं देणं टोकदार कणाच्या नावावर लिहीत होते.

दोन महिने लागले. या खेपेला दोन्ही कण, त्यांचे आकार, त्यांचं एकमेकांशी वागणं, सगळं एकत्र मांडलं. क्षयदर खाली उतरला आणि सिद्धांताच्या आकड्याशेजारी गुमान जाऊन बसला. अनिश्चितता मात्र वाढली, कारण पसरट कणाचा नेमका आकार आम्हाला अजून पुरता ठाऊक नाही. नवीन काही नव्हतं. हान्नाने माझ्यासाठी सफरचंदाचा केक आणला. आपली चूक आपणच शोधली की इथे केक खातात. मी केक खात होते आणि मला नेरचं रॉकेट दिसत होतं.

जानेवारीत रजा घेऊन घरी आले. बाबांनी रविवारी जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा सत्कार ठेवला होता. मी पोचले बुधवारी. स्टँडवर उतरले तर फ्लेक्स उन्हाने थोडा फिका झालेला, एक कोपरा सुटून फडफडत होता. बाबांनी मला त्याच्यासमोर उभं करून फोटो काढला. "हास ना!" म्हणाले. मी हसले. गेल्या दोन महिन्यांत ते किती वेळा तिथून मुद्दाम गेले असतील, कोणाकोणाला थांबवून दाखवलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सांगायचं होतं तिथल्या तिथे. नाही जमलं.

गुरुवारी नाही जमलं. शुक्रवारी आईने सोलेभात केला. ओल्या तुरीचे दाणे, वरून लसणाची फोडणी, ज्याची मी वर्षभर वाट बघते. आणि मी तो नुसता चिवडत बसले. "काहून? ताट तसंच हाये," आई म्हणाली. मी विमानप्रवासाचं कारण सांगितलं. आईने विश्वास ठेवला नाही, पण तसं म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी बाबांच्या मागे शेतात गेले. सहा ओळी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आणि एक ओळ तुरीची, अशी आमची जुनी पेरणी. तूर पऱ्हाटीच्या डोक्यावर वाकलेली होती. बाबा विळ्याने तुरीची वाळलेली झाडं कापत होते.

"बाबा, फ्लेक्सवरचं खरं नाही."

"कोणतं?"

"नवीन कण. मी मोजण्यात चुकली होती. मंग मलेच थे सापडलं."

त्यांनी आणखी दोन झाडं कापली. मग विळा टाकला आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "उद्या नगराध्यक्ष येऊन राह्यले," ते म्हणाले. "मास्तर येऊन राह्यले. लोकाईले काय सांगू मी?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. बाबांचं पीक बुडालेलं मी पाहिलंय, तेव्हाही ते असे बसले नव्हते. मला वाटलं, आत्ता जमिनीने पोटात घ्यावं.

"मी सांगतो लोकाईले, पण मले तं समजू दे," टोपी परत डोक्यावर ठेवत ते म्हणाले. "कशी चुकली? मले समजन असं सांग."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि समोरच्या ओळी दाखवल्या. म्हटलं, समजा मले फक्त या पऱ्हाटीनं किती कापूस देला ते मोजाचं हाये. मी तिच्या दोन बाजूनं दोऱ्या बांधल्या अन् मधला सगळा कापूस तिच्या नावानं लिवला. पण बाजूची तूर तिच्यावर वाकली हाये. तुरीची सावली कुठं संपते, सांगता येत नाही. म्हणून मी ढोबळ अंदाज केला, दोन्ही आंगानं तूर सारखंच करत असन असं धरलं.

"दोन्ही आंगानं सारखं कसं राहीन?" बाबा एकदम म्हणाले. ते उठलेच. तुरीच्या पूर्वेच्या ओळीत जाऊन त्यांनी एक बोंड हातात धरलं. "इकडं दुपारचं ऊन तूर आंगावर घेते. झाड हिरवं राह्यते. पाह्य, कसं भरलं." मग मला पश्चिमेच्या ओळीत नेलं. "अन् इकडं सकाळचं ऊन पोचत नाही. दव सुकत नाही. बोंड सडते. एका आंगानं देते, एका आंगानं खाते. सारखं धरलं तिथंच तू चुकली."

 बाबांना कणांतलं काही कळत होतं अशातला भाग नाही. त्यांना तूर कळत होती. पण एका बाजूला देते आणि एका बाजूला खाते, हे कागदावर आणायला मला दोन महिने लागले होते, आणि त्या दोन महिन्यांत मला एकदाही आमचं शेत आठवलं नव्हतं. याची मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली आणि हसूही आलं. बाबा मात्र हसले नाहीत. समजलं होतं, पण लोकांसमोर जायचं ओझं होतं तिथेच होतं.

दुपारच्या गाडीने आत्या आली. बाबा आणि मी तिला घ्यायला स्टँडवर गेलो. निवृत्त होऊन तिला चार वर्षं झालीत, गुडघा दुखतो, पण पिशवी कोणाला धरू देत नाही. उतरल्यावर ती रस्ता ओलांडून सरळ फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली. चष्मा नाकावर घेतला. माझं नाव वाचलं, रॉकेट पाहिलं. आईबाबांचे फोटो पाहिले. मग शुभेच्छुकांची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक एक नाव. आणि तिच्या सवयीप्रमाणे, परत पहिल्यापासून.

"लय नावं हायेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "चहावाला बी हाये." त्यात टोमणा नव्हता. ती फक्त पाहत होती. मग पिशवी सावरून चालायला लागली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. दोन महिने फ्लेक्स तिथे लागलेला, मी फोटोत तो शंभर वेळा पाहिलेला, रॉकेटवर हसलेले, आणि त्यावर आत्या कुठेच नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मजकूर बाबांनी दिला होता हे खरं. पण मला तरी कुठे काही चुकल्यासारखं वाटलं होतं?

संध्याकाळी चहाला आम्ही अंगणात बसलो होतो. आई आणि आत्या ओट्यावर शेंगा सोलत होत्या. बाबांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच ठेवला. "तुहा थो मधला कण," ते हळूच म्हणाले, "थो पसरलेला राह्यते म्हणून येगळा दिसत नाही. अन् त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर मोजल्या जाते. असंच ना?"

"हो."

ते ओट्याकडे पाहत राहिले. आत्या सोललेले दाणे वाटीत टाकायच्या आधी कीड आहे का ते परत तपासत होती. "मंग थे चूक तुही एकटीची नोहे," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी बशी तोंडाला लावली.

रविवारी शाळेत खुर्च्या भरल्या. माझं भाषण माझ्या हातात होतं, पण माईक आधी बाबांनी घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा, कारण तो त्यांनी उलटा धरला होता. मास्तरांनी सरळ करून दिला. "फ्लेक्सवर चुकीचं लिवलं गेलं," बाबा म्हणाले. "पोरगीनं नवीन काही शोधलं नाही. तिनं तिची चूक शोधली. थे बी सोपं नोहे."

मागून एक आवाज आला, "मंग काका, कण हाये का नाही?"

"हाये ना. जुनाच हाये. आमीच त्याले मोजलं नोहतं."

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी शेजाऱ्याकडे पाहून वाजवल्या. बाबा थांबले नाहीत. त्यांनी सांगितलं की ही पोरगी सहा वर्षं यवतमाळला कोणाच्या घरी राहिली, वेण्या कोणी घातल्या, पाढे कोणी घेतले.  मग नगराध्यक्षांकडे वळून म्हणाले, "शाल आणलीच हाये तं यमुनाबाईले द्या."

"मले कायले?" आत्या खुर्चीतूनच म्हणाली. "मले शालीनं गरमी होते."

आपल्याकडे बाईचा सत्कार बाईच्या हातून करतात. नगराध्यक्षांनी शाल हातात घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात आई उठली. माझी आई, जिने सहा दिवाळ्या "वाळली पोरगी" म्हटलं होतं. तिने शाल घेतली, उलगडली आणि आत्याच्या खांद्यावर टाकली. मग पदर सावरून खाली वाकली आणि नणंदेच्या पाया पडली. आत्याने तिला अर्ध्यातूनच उठवलं. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. कार्यक्रम संपेपर्यंत आत्याने शाल काढली नाही, गरमी होत असूनही. मी माझं भाषण केलंच नाही. घडी करून पर्समध्ये ठेवलं.

परत निघताना बाबा स्टँडवर आले. गाडी लागली, रुमाल टाकला गेला, तिसरीच खिडकी. आईने तेच सांगितलं जे ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. या खेपेला मी यवतमाळला उतरले, आत्याच्या दोन खोल्यांत दोन दिवस राहिले आणि मगच पुढे गेले. इतक्या वर्षांत हे कधी केलं नव्हतं. नागपूरला जाताना यवतमाळ मला नुसतं वाटेतलं गाव वाटायचं.

आमच्या गटाचा निकाल आता सगळ्यांच्या नजरेखालून जातोय. त्यात काही खळबळ नाही, तो कोणी वर्तमानपत्रात छापणार नाही. पण त्यातला प्रत्येक कण ज्याच्या त्याच्या नावावर आहे, जेवढा आम्हाला लावता आला तेवढा, आणि जिथे नाही लावता आला तिथे तसं लिहिलंय. मला तो निकाल आवडतो.

इथे कोणी "घर कुठे?" असं विचारलं की पूर्वी मी एकच नाव सांगायचे. आता नेर सांगते, लगेच यवतमाळ सांगते, शेत सांगते, आत्याच्या स्वयंपाकघरातली खिडकी सांगते. ऐकणारा बिचारा कंटाळतो. कंटाळू दे. माझं घर पसरलेलं आहे, आणि त्याच्या दोन बाजूंना रेघा मारून हे आत आणि ते बाहेर असं मी आता करणार नाही. त्यात तुम्ही राहिलेलेही आला, आणि निघालेलेही.

परवा बाबांचा फोटो आला. फ्लेक्स उतरवलाय. आपल्याकडे उतरलेला फ्लेक्स वाया जात नाही, तसा हाही शेतात अंथरलाय आणि त्याच्यावर झोडपलेली तूर वाळत घातलीय. माझा चेहरा, अणू, अभिनंदन, सगळं तुरीखाली गेलंय. रॉकेटचं शेपूट तेवढं बाहेर आहे. खालची शुभेच्छुकांची ओळही उघडी आहे. मी फोन खाली ठेवणार होते, पण सवय जात नाही, एक डाव अजून पाहिलं. बोटांनी मोठं करून पाहिलं. तेवीस चेहरे, आणि ओळीच्या शेवटी, जिथे जागा नव्हती तिथे, गोंदाने जरा तिरका चिकटवलेला चोविसावा फोटो. शाळेच्या ओळखपत्रातला. आत्याचा.